यांजकडून

दिवाळीआधीचा शेवटचा शुक्रवार.
आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही कुठे निघालीस;
खांद्याला गोणपाटी पिशवी दिसली
की कळतंच, शुक्रवारीत.

स्कूटर नेहमीच्या लिंबाखाली लावली.
तिथे लावायला मनाई आहे म्हणतात.
पाटीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

मैदानावर सगळं बडोदं उलटं धरून झटकलेलं:
पंख्यांची पाती, एकेका पायाचे बूट,
दंतवैद्याची खुर्ची, आणि तिच्यात रेलून
एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.
रांगोळीचे ढीग, गुलाबीवर निळा सांडलेला.
उत्तरायणाला अडीच महिने, तरी फिरक्या आल्याच.
आणि तो दरवर्षीचा पोरगा, घसा ताणून,
"पचासना बे! पचासना बे!"
काय पन्नासला दोन,
ते गर्दीतून मला आजवर दिसलेलं नाही.

मला हवा होता सोऱ्या.
माझ्याचा दट्ट्या परवा भाजणीत मोडला.
नवा आणला तो ॲल्युमिनियमचा,
चकलीला काटाच येईना, नुसती गांडुळं.
ह्यांनी खाल्ल्या. म्हणाले, चव आहे.
चव आहे म्हणजे काय,
ते एकतीस वर्षांत मला पाठ झालंय.

मंछाबेनच्या कंतानावर भांडी असतात,
जुन्या साड्यांवर घेतलेली, चिंचेनं उजळलेली.
घंगाळाच्या पोटात हात घातला तर
खाली तो. पितळी.
उचलला आणि मनगट आपोआप खाली गेलं.

"केटलानो?"
"साडेपाचशे. कंपनीचा माल आहे, बेन."
"कुठली कंपनी?"
तिनं नातवाला हाक मारली. विपुल, सहावीत,
शाळेत हिंदी शिकतो. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या
अक्षरांवर बोट ठेवत त्यानं वाचलं:
"यां… ज… क… डू… न."
"हां, यांजकडून!" मंछाबेन म्हणाली,
"एनो माल बहु मजबूत.
पूर्वी दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून
पोतं पोतं निघायचं.
आता कंपनी बंद पडली असेल."

मी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

चि. सौ. कां. हेमलता हीस
मामा-मामी
यांजकडून
१७-२-६३

हेमलता कोण, मला माहीत नाही.
पण मामा दिसले, कोरणाऱ्याच्या फळीपाशी उभे,
कोटाच्या खिशात चिल्लर मोजत.
अक्षरामागे पाच नवे पैसे घेत असणार तो.
म्हणून स्वतःचं नाव गाळलं,
मामीचंही,
आणि वाचलेल्यातून पाच अक्षरं ही घेतली.
ह्याच्याशिवाय कसं द्यायचं?

मंछाबेनला सांगायला तोंड उघडलं.
बाहेर आलं ते, "साडेतीनशे."
"बेन! यांजकडून आहे!"
"म्हणूनच म्हणते. आता सुटे भाग मिळणार नाहीत."
ती हसली. चारशेला सुटला.
चकलीची ताटली त्यात नव्हती, फक्त शेवेची होती,
हे मला घरी गेल्यावर कळायचं होतं.

परत आले तर लिंबाखाली पोलीस.
पाटी उघडी, चादरी वाळून घरी गेलेल्या.
"बेन, वाचता येत नाही?"
येतं, म्हटलं.
त्यानं पिशवीकडे पाहिलं. इतकं जड काय?
काढून दाखवला.
"अरे, संचो! कई कंपनीनो?"
मी सांगितलं.
त्यानं तो उन्हात फिरवून बघितला,
अक्षरांवरून अंगठा फिरवला.
"सरस. मारी बा पासे पण आज छे,"
म्हणाला,
आणि पावती फाडलीच.